न घातलेल्या दोन प्रदक्षिणा

आठ वर्षं मी एका मुलीची समजूत काढत आलो. तिच्या एका निर्णयामुळे आमची गाडी उलटली, एका माणसाचा हात कायमचा अधू झाला, आणि ती स्वतःला त्याबद्दल माफ करू शकत नव्हती. दर वसंतात तिचा फोन यायचा आणि मी म्हणायचो, अगं, तुझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. ते खरंही होतं. कुणीही तेच केलं असतं, कारण त्या क्षणी गाडीत मी तिला जे सांगितलं ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे एकट्या मला कळलं होतं.

मी मूळचा पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. इकडे अमेरिकेत आलो तो सगळ्यांसारखाच सॉफ्टवेअरच्या कामावर. पुढे एका विद्यापीठाच्या हवामान विभागाला उपकरणं सांभाळणारा माणूस हवा होता, तिथे लागलो. वर्षातले साडेदहा महिने काम टेबलावरचं. उरलेले सहा आठवडे, एप्रिल संपता संपता, आम्ही गाड्या घेऊन कॅन्सस-ओक्लाहोमाच्या सपाट मुलखात जायचो आणि वादळांच्या मागे फिरायचो. व्हिडिओ काढणारे हौशी लोक वेगळे. ते रस्त्यात भेटायचे, हात करायचे. आमच्या पिकअपच्या टपावर लोखंडी चौकट होती आणि तिच्यावर वारा, तापमान, आर्द्रता, दाब मोजणारी यंत्रं. टोर्नेडो दिसला तर दिसला. त्याच्या आजूबाजूची हवा काय करते आहे ते जवळ जाऊन, दर सेकंदाला, नोंदवून आणायचं हे आमचं काम.

गाडीत आम्ही तिघं. चालवायला साठी ओलांडलेला एक तिथलाच माणूस, तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. तो मला डॉक्टर म्हणायचा, आणि मी डॉक्टर नाही हे सांगणं मी दुसऱ्या वर्षी सोडून दिलं. त्याच्या शेजारी ती, नागपूरची, पीएच.डी. करणारी, तेव्हा सत्तावीसची. कुठे जायचं, कुठे थांबायचं, कधी पळायचं हे ती ठरवायची. मागे, ड्रायव्हरच्या पाठीशी, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी. मी एक्केचाळीसचा.

मला भीती वाटायची. तेव्हा कुणाला सांगितलं नाही, पण तिच्या लक्षात आलं होतं. आकाश हिरवट व्हायला लागलं की मी पट्टा दोनदा तपासायचो, बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायचो. "काहून दादा, पळायची तयारी का?" असं ती मागे न बघता विचारायची. गारा सुरू झाल्या की टपावर कुणी खोरं भरभरून खडी ओततंय असा आवाज व्हायचा. त्या आवाजात मी आकडे वाचत राहायचो. आकडे वाचत असलं की बाहेर बघावं लागत नाही.

आता थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही. टपावरचं वाऱ्याचं यंत्र फक्त एवढंच सांगतं की वारा गाडीच्या नाकाच्या कुठल्या बाजूने येतोय. गाडीचं नाक कुठल्या दिशेला आहे ते कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. गाडी चालती असली तर ते उपग्रहावरून कळतं. थांबली की कळत नाही. त्यासाठी टपावर एक होकायंत्र बसवलेलं होतं, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. होकायंत्राला आजूबाजूच्या लोखंडाची बाधा होते, म्हणून रोज सकाळी मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये गाडी अगदी सावकाश दोनदा गोल फिरवायची. त्या दोन फेऱ्यांत यंत्र आपल्याभोवती काय काय आहे ते शिकून घेतं आणि तेवढं वजा करतं. या फेऱ्यांना तिने प्रदक्षिणा नाव दिलं होतं. ड्रायव्हरनेही तो शब्द उचलला होता. सकाळी कॉफीचा कप हातात धरून तो विचारायचा, डॉक्टर, प्रडकशिना?

त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी गारांनी टपावरचा पिवळा दिवा फोडला. मी नवा आणला, चुंबकाच्या बुडाचा, आणि चौकटीपुढे चिकटवला. होकायंत्रापासून वीतभर अंतरावर. चुंबक आणि होकायंत्र. शाळेतल्या पोराला कळेल. मलाही कळत होतं. सकाळी प्रदक्षिणा घातल्या की यंत्र तो चुंबकही वजा करणार होतं, त्यामुळे काही बिघडत नव्हतं.

सकाळी ती चेकलिस्ट घेऊन आली. एकेक ओळ ती वाचायची, मी झालं म्हणायचो, ती खूण करायची. पण आदल्या दिवशी एक प्रकार झाला होता. सगळ्या गाड्यांची माणसं मोटेलच्या लॉबीत जमलेली असताना तिने मला सांगितलं होतं की आर्द्रतेच्या यंत्राची जाळी साफ केलेली नव्हती, दुपारपासूनच्या नोंदी वाया गेल्या. सांगितलं ते इंग्रजीत, म्हणजे सगळ्यांना कळेल असं. तिचं बरोबर होतं. मी जाळी साफ केली नव्हती. पण चौदा वर्षांनी लहान मुलगी, एरवी दादा दादा करणारी, चार गोऱ्यांसमोर मला जाब विचारते हे मला फार लागलं. जेवताना मी तिच्याशी बोललो नाही. सकाळीही ते मनातून गेलेलं नव्हतं, आणि तिच्या हातातला तो कागद बघून पुन्हा वर आलं.

"प्रदक्षिणा?" तिने विचारलं.

"झाल्या," मी म्हणालो.

झाल्या नव्हत्या. ड्रायव्हर नुकताच पेट्रोल भरून गाडी घेऊन आला होता आणि कॉफी आणायला आत गेला होता; प्रदक्षिणांचं मी बघतो, असं त्याला मी सांगितलं होतं. मीही त्याच्याबरोबर गेलो होतो, त्यामुळे पंपामागच्या मोकळ्या जागेत उरकल्या असतील असं तिला वाटलं. तिने खूण केली.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगायचो की घाई होती. घाई अजिबात नव्हती. त्यानंतर आम्ही त्याच लॉटमध्ये दुपारच्या अंदाजाची वाट बघत पाऊण तास उभे होतो. पाऊण तासात वीस प्रदक्षिणा झाल्या असत्या. पण गाडी फिरवायला घेतली असती तर तिने विचारलं असतं, मघाशी झाल्या म्हणालात ना. ते एक वाक्य मला ऐकायचं नव्हतं. जेवायला थांबू तेव्हा गुपचूप उरकून टाकू असं मी ठरवलं. जेवायला आम्ही थांबलोच नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला एका चौफुलीवर थांबलो. दोन कच्चे रस्ते एकमेकांना छेदत होते, चारही बाजूंना गहू, घर एकही नाही. गाडीचं तोंड दक्षिणेकडे. वादळाचा फिरणारा भाग आमच्या पश्चिमेला असावा असा तिचा अंदाज होता, पण पावसाच्या पडद्यात काही दिसत नव्हतं. मोबाइलचं नेटवर्क गेलं होतं, तिच्या टॅबलेटवरचं रडारचं चित्र सात-आठ मिनिटं जुनं होतं. अशा वेळी आपण कुठे उभे आहोत हे सांगायला वाराच उरतो. तिकडचे टोर्नेडो बहुतेक घड्याळाच्या उलट फिरतात. वारा दक्षिणेकडून येत असेल तर तो तुमच्या पश्चिमेला आहे. दक्षिणेचा रस्ता धरायचा, तो मागच्या मागे ईशान्येला निघून जातो. वारा पूर्वेकडून येत असेल तर तो तुमच्या दक्षिणेला आहे. तेव्हा दक्षिणेला जाणं म्हणजे आपण होऊन त्याच्यात शिरणं.

"दादा, वारा?"

स्क्रीनवर बाण होता. दक्षिणेचा, मी सांगितलं.

"पक्का?"

मी मान वर केली. माझ्या बाजूच्या काचेवर, म्हणजे पूर्वेच्या, पाऊस मुठीने मारल्यासारखा आदळत होता. समोरची काच त्या मानाने बरी होती. तिच्या बाजूची काच जवळजवळ कोरडी होती आणि तिच्यातून शेत दिसत होतं. सगळा गहू आमच्यापासून दूर, पश्चिमेकडे, आडवा झाला होता. तिने मान वळवली असती तर तिलाही दिसलं असतं. ती टॅबलेटवर वाकून रस्ते शोधत होती. वाऱ्याचं काम तिने माझ्यावर सोपवलेलं होतं.

मला सगळं कळलं. दिवा, चुंबक, न घातलेल्या प्रदक्षिणा.  शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. पण ते बोलायचे तर आधी सकाळचं बोलावं लागणार होतं.

"स्क्रीनवर तरी दक्षिणेचाच आहे," मी म्हणालो.

तिने ड्रायव्हरला दक्षिणेला घ्यायला सांगितलं.

गाडी हलली आणि पाच सेकंदांत बाण फिरला. चालत्या गाडीला उपग्रहावरून खरी दिशा कळली होती. वारा पूर्वेचा. अरे, वारा फिरला, ती म्हणाली. वारा फिरला नव्हता. मी तेव्हाही गप्प बसलो. तिने गाडी वळवायला सांगितली, ड्रायव्हरने ब्रेक मारला, आणि समोरचा पाऊस एकदम पांढरा झाला. कान आतून दुखायला लागले. कुठल्याशा कोठाराचा पत्रा रस्त्यावरून आडवा उडत गेला, कागदासारखा, आवाज न करता. म्हणजे आवाज झाला असणार, पण तोवर बाकीचा आवाज इतका होता की त्यात तो ऐकू आला नाही. मग गाडीची मागची बाजू उचलली गेली.

चार वर्षं मला जी वाटत होती ती भीती आहे असं मी समजत होतो. ती नुसती काळजी होती. आता माझ्या डोक्यात विचार असा एकही नव्हता. बायको, मुलगी, देव, कुणी आठवलं नाही. कुणीतरी एकसारखं ओरडत होतं आणि ते मी आहे हे मला गाडी थांबल्यावर कळलं.

आम्ही रस्त्याकडेच्या चरात, डाव्या कुशीवर पडलो होतो. ड्रायव्हरचा डावा हात दाराखाली होता. तो ओरडत नव्हता, मोठमोठ्याने श्वास घेत होता. ती पट्ट्याला लटकलेली, कपाळावरून रक्त येत होतं, आणि ती विचारत होती, "दादा, आहात ना? दादा?" मी हो म्हणालो. त्या दिवशीचं माझं ते एकच खरं उत्तर असेल.

ड्रायव्हरचा हात दोन ठिकाणी मोडला होता. बरा झाला, पण खांद्याच्या वर कधी गेला नाही. त्याचं गाडी चालवणं संपलं.

विभागाच्या प्रमुखांनी चौकशी केली. दिवा उडून कुठेतरी गव्हात पडला होता, होकायंत्राचा चुरा झाला होता. राहिला तो चेकलिस्टचा कागद आणि त्यावर तिच्या हातची खूण. प्रमुखांनी मला एकट्याला बोलावून विचारलं, यंत्रं ठीक होती? मी ठीक होती म्हणालो. माझं ग्रीन कार्ड तेव्हा व्हायचं होतं. नोकरी गेली असती तर साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा, आणि मुलगी तिसरीत होती. हे कारण खरं आहे. पण ते मला नंतर सापडलेलं कारण आहे. चौफुलीवर मला व्हिसा आठवला नव्हता. चौफुलीवर मला फक्त हे आठवलं होतं की सकाळी मी हिच्याशी खोटं बोललो, आणि आता ते हिच्याच पुढे कबूल करावं लागेल.

चौफुलीवरच्या तेवढ्या मिनिटांच्या नोंदी मी नंतर दुरुस्त केल्या. दिशा नव्वद अंशांनी फिरवल्या, शेजारी कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राची नेहमीची जुळवणी, असं लिहिलं. कुणी काही विचारलं नाही. त्या नोंदींवर पुढे शोधनिबंध निघाला. त्यात माझे आभार मानलेले आहेत. तिचं नाव नाही.

तिला कुणी रागावलं नाही. फक्त पुढच्या वसंतात गाडीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. संगणकावरच्या मॉडेलचं काम कर, असं गोड शब्दांत सांगण्यात आलं. वर्षभराने तिने पीएच.डी. सोडली, मॅनहॅटनमध्ये आयटीची नोकरी धरली आणि जर्सी सिटीत राहायला गेली. तिथे ट्रेन दारात आहे, गाडी लागत नाही, म्हणून तिथे. तेव्हापासून ती स्टिअरिंगला हात लावत नव्हती. लग्न झालं, नवरा चालवायचा तर ती मागे बसायची. टॅक्सीतसुद्धा ड्रायव्हरला रस्ता सांगायची नाही. चुकला तर चुकू द्यायची.

आणि एप्रिल-मे आला की मला फोन करायची. वारा फिरणार हे मला कळायला हवं होतं ना दादा, असं दर वेळी कुठूनतरी त्याच्यावर यायची. मी तिला शास्त्र समजावायचो. असे वारे अचानक फिरतात, आधी कुणाला कळत नाही. इतकी वर्षं सांगून सांगून ते वाक्य मला छान जमायला लागलं होतं.

यंदा तिचा फोन मार्चमध्येच आला. मी दरम्यान विद्यापीठ सोडून कॅरी नावाच्या छोट्या शहरात आलो होतो, एका औषध कंपनीत. तिच्या नवऱ्याला इथेच, जवळच, चांगली नोकरी मिळाली होती. तिने विचारलं, "दादा, कॅरीत गाडीशिवाय जमतं का हो?"

जमत नाही, मी म्हणालो. दुधाला जायचं तरी गाडी लागते.

मग ती हसली आणि म्हणाली, "मग तो एकटाच येईल तिकडे. मी म्हटलं त्याला, तू जा यार. त्याचंही बरोबर आहे, आठ वर्षं झाली, तो तरी किती दिवस थांबेल." जेवणाचं सांगावं तसं तिने हे सांगितलं. मी नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि ते निघेना.

त्या शनिवारी मी तिच्या घराजवळच्या न्यूअर्कचं विमान घेतलं. बायकोला ऑफिसचं काम आहे असं सांगितलं. तिच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मी बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. तिने दार उघडलं, दादा अचानक कसे म्हणून खूष झाली, नवऱ्याला खाली समोसे आणायला पाठवलं. तो गेल्यावर मी सांगितलं. बसलो नव्हतो. सगळं सलग सांगितलं, नाहीतर थांबलो असतो.

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग तिने प्रश्न विचारले, नोंदवही तपासताना विचारायची तसे.

"गहू दिसला होता तुम्हाला?"

"हो."

"मी पक्का विचारलं त्याच्या आधी की नंतर?"

"नंतर. पण उत्तर द्यायच्या आधी."

तिने मान हलवली. मग विचारलं, पण सकाळी खोटं का बोललात? मी जाळीचं सांगितलं. मोटेलची लॉबी, सगळ्यांसमोर, इंग्रजीत.

"कुठली जाळी?" ती म्हणाली.

तिला आठवत नव्हतं. मी पुन्हा सांगितलं, तरी आठवेना.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा हाकलून देईल. ती म्हणाली, "मी दर वर्षी तुम्हालाच फोन करत होते." एवढंच. मग आतून लॅपटॉप आणला, टेबलावर ठेवला आणि प्रमुखांना आणि ड्रायव्हरला इथेच बसून लिहा म्हणाली, मी वाचते. मी लिहिलं. त्या सकाळी फेऱ्या राहून गेल्या, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. त्यावर तिने बोट ठेवलं.

"राहून नाही गेल्या. झाल्या म्हणून सांगितलंत. तसं लिहा."

तसं लिहिलं. नवरा समोसे घेऊन आला तेव्हा मी बूट घालत होतो. त्याने खाऊन जायचा आग्रह केला.  तिने दादा म्हणून हाक मारली नाही, ना जाताना, ना नंतर कधी.

घरी आलो त्याच दिवशी बायकोला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. प्रमुखांचं उत्तर आलं, थंड आणि व्यवस्थित. निबंधात दुरुस्ती जाईल, तिला स्वतंत्र पत्र जाईल. ड्रायव्हरचं उत्तर आलं नाही. मी रोज बघतो. कशाची वाट बघतो ते मला ठाऊक नाही.

ऑगस्टमध्ये कुणाकडून तरी कळलं की ती दोघं कॅरीला आली आहेत, आमच्यापासून पंधरा मिनिटांवर, आणि ती एका शिकवणीवाल्या बाईकडून पुन्हा गाडी चालवायला शिकते आहे. मला आनंद झाला असं लिहायला मला आवडेल. झालाही असेल. पण आधी भीती वाटली. सिग्नलला शेजारी पांढरी, राखाडी, कुठलीही छोटी गाडी थांबली की मी समोर बघत राहतो.

गेल्या रविवारी कोथिंबीर आणायला इंडियन ग्रोसरीत गेलो होतो. पार्किंगमध्ये वळलो तर ती दिसली. एकटी, स्टिअरिंगवर. गाडी दोन रेघांच्या मध्ये नीट लावून इंजिन बंद केलेलं, पण उतरत नव्हती. दोन्ही हात चाकावर तसेच ठेवून बसली होती. बरीच मिनिटं. मग उतरली, आत गेली. मी लांब, शेवटच्या रांगेत थांबलो होतो. जावं, समोर उभं राहावं, असं मनात आलं, पण मी गाडीतून उतरलो नाही. ती पिशव्या घेऊन बाहेर आली, आरशात दोनदा बघून हळूहळू गाडी मागे घेतली आणि रस्त्याला लागली. तिने मला पाहिलं की नाही ते मला माहीत नाही.

घरी आलो तर बायकोने कोथिंबीर कुठे आहे विचारलं. संपली होती, हे शब्द अगदी तयार होते. मी बूट काढले, खुर्चीत बसलो आणि म्हणालो, मी आत गेलोच नाही. ती होती तिथे.